न फोडलेल्या बांगड्या

पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीतल्या रेतीवरून झालेल्या मारामाऱ्या पाहिल्या. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. तारखा विसरलो, आरोपींची तोंडं विसरलो. पण काचेच्या बावीस हिरव्या बांगड्या काही केल्या विसरता येत नाहीत. त्यांची आठवण झाली की अजूनही डोकं तापतं. आधी एका डॉक्टरवर, आणि मग स्वतःवर.

नव्वदीची सुरुवात होती. मी पनवेलला फौजदार होतो. माणूस घाटावरचा, आवाज मोठा, मत पटकन बनवणारा. तेव्हा मला तो गुण वाटायचा. या प्रकरणात नाव कोणाचंच घेणार नाही. काही जण हयात आहेत, आणि जे नाहीत त्यांची मुलंबाळं आहेत.

सुरुवात फोनने झाली. गावातल्या एका खासगी प्रसूतिगृहाचे डॉक्टर स्वतः बोलत होते. मोठं प्रस्थ. गावात कोणताही सत्कार असो, खुर्ची यांची ठरलेली. आमच्या ठाण्यातल्या निम्म्या पोलिसांची मुलं त्यांच्याकडेच जन्मलेली. ते म्हणाले, "साहेब, खेड्यातल्या या सुइणी आता डोक्यावर बसल्या आहेत. काल एक केस आली. बाई बेशुद्ध, पोटातलं मूल गेलेलं, गर्भाशय फाटलेलं. घरी दिवसभर सुईण खेचाखेची करत बसली होती. आम्ही गर्भाशय काढलं म्हणून बाई तरी वाचली. तुम्ही एकदा उदाहरण घालून द्याच."

मी तेव्हाच पेटलो. हवालदाराला घेऊन दवाखान्यात गेलो. केसपेपर पाहिला. दाखल झाल्याची वेळ दुपारी सव्वातीन. 'आणली तेव्हा बेशुद्ध, नाडी क्षीण, अप्रशिक्षित सुईणीकडून प्रसूतीचा प्रयत्न' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. बाईचा जबाब घ्यायचा म्हटलं तर डॉक्टरांनी आमच्या कागदावर शेरा मारून दिला, 'रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत नाही.' खाली सही, शिक्का. असा शेरा मिळाला की पोलिसांचं काम सोपं होतं. आम्ही कागद घडी घालून फाईलला लावला आणि बाहेर पडलो.

बाई नेऱ्याच्या पुढच्या, डोंगराखालच्या गावची. वय बावीस-तेवीस, पहिलं बाळंतपण. नवरा तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर, सासू नव्हती, सासरे त्या दिवशी उरणला नात्यातल्या मयताला गेले होते. ते निरोप मिळाल्यावर थेट दवाखान्यात पोचले, साडेतीनला. त्यांचा जबाब असा होता: "मी गेलो तवा सूनबाय बेसुद व्हती. डाक्टर बोलले, पिशवी काडायला लागल, नायतर जीव जाईल. मी सई केली." म्हणजे सकाळपासून तिच्याजवळ होती ती एकटी सुईण. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला ती. मला निवड करायला क्षणभरही लागला नाही.

सुईण साठीच्या पुढची. आगरी बाई, काटक, कपाळावर गोंदण, नेसूचं गुडघ्यापर्यंत. इतर जबाबांत दहा-बारा दिवस गेले, मग तिला बोलावलं. दोन दिवस ती ठाण्यातल्या बाकावर बसून होती. मी येता-जाता तिच्यावर ओरडत होतो.

"किती बायका मारल्यास आजवर?"

"येक बी नाय, सायेब. चाळीस वरसां झाली माज्या हाताला."

"मग हिचं काय झालं?"

"पोर आडवा व्हता. पोटाला हात लावला तवाच मना कललं. आडवा पोर माज्या हातचा काम नाय. मी तिला दुदाच्या टेंपोत बसवला नि सकालीच दवाखान्यात आनला. आठ वाजलं नसतील. डाक्टर नवता. नरसबाय बोलली, येतात, आत्ता येतात. तिसऱ्या पारी आला तो."

"कागदावर सव्वातीन आहे."

"कागुद मी नाय लिवला, सायेब."

उद्धटपणा म्हणून मी ते वाक्य ऐकलं आणि आणखी तापलो. टेम्पोवाल्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, रोज कोणी ना कोणी बाया पनवेलपर्यंत बसतात, कोणत्या दिवशी कोण ते कसं सांगू. ठीक आहे, म्हटलं. आता वाटतं, त्याला खाली बसवून दहा मिनिटं नीट विचारलं असतं तर? पण मला उत्तर आधीच ठाऊक होतं ना. ज्याला उत्तर ठाऊक असतं तो प्रश्न नावापुरता विचारतो.

तिसऱ्या दिवशी अटक करायची ठरवली. हयगयीने गंभीर दुखापत, गुन्हा जामीनपात्र. पण जामीन राहायला माणूस लागतो. गावात बातमी पसरली होती, सुईणीने पोर मारलं, पिशवी फाडली. तिच्या दारावरून जाताना लोक थुंकत होते. तिचा मुलगासुद्धा ठाण्यात फिरकला नव्हता. म्हणजे एकदा अटक दाखवली की ती थेट कल्याणच्या तुरुंगात जाणार आणि तिथून परत आली तरी गावात तिला कोणी पाणी देणार नाही, हे मला कळत होतं. कळूनही मी कागद पुढे सरकवला.

अटकेआधी अंगझडती घ्यावी लागते. बाईची झडती बाईनेच घ्यायची. आमच्या ठाण्यात तेव्हा एकच महिला शिपाई होती. दोन मुलांची आई, बोलायला कमी, पण डोळे तीक्ष्ण. तिने सुईणीला आतल्या खोलीत नेलं, आणि पाच मिनिटांनी बाहेर येऊन माझ्या टेबलावर एक रुमालाची पुरचुंडी ठेवली. आत काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या.

"चोरल्यात?" मी विचारलं.

"नाही साहेब. ती म्हणते, त्या पेशंटच्या आहेत. तिला द्यायच्या म्हणून कमरेला बांधून फिरतेय, घरचे आत घेत नाहीत."

"बरं. लिही पंचनाम्यात."

ती हलली नाही. "साहेब, मोजल्या मी. बावीस आहेत. एकही फुटलेली नाही, तडा पण नाही."

"मग?"

"साहेब, या सातव्या महिन्यात ओटी भरताना भरलेल्या आहेत. नवव्या महिन्यात बाईचे हात सुजतात. माझे तर एवढे सुजले होते की अंगठीसुद्धा कापावी लागली. अशा हातातून बांगडी काढायची तर साबणाचं पाणी लागतं, हात मुडपून धरावा लागतो, एकेक करून सरकवावी लागते. बावीस बांगड्यांना अर्धा तास तरी जातो. मरायला टेकलेली, बेशुद्ध बाई दारात आली आणि लगेच ऑपरेशनला घ्यायची, तर दवाखान्यात साबण लावत बसतात का कोणी? कात्रीच्या मुठीने फटाफट फोडतात. ऑपरेशनच्या खोलीत मी स्वतः पाहिलंय. घरच्या बाळंतपणात तर बांगड्या कोणी काढतच नाही, म्हणजे या दवाखान्यातच, सावकाश काढल्यात."

मी बांगड्यांकडे पाहत राहिलो. सवाष्ण बाई बांगडी फुटू देत नाही, फुटली तरी तोंडाने 'फुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणते, हे माझ्या घरात रोज ऐकलेलं. माझ्या आईने, बायकोने तेच केलं असतं. पण फौजदार म्हणून माझ्या टेबलावर बावीस साबूत बांगड्या पडल्या होत्या आणि त्या काय सांगतायत हे मला एका शिपाईबाईने समजावून द्यावं लागत होतं.

"हिला अटक नको दाखवू," मी म्हणालो. "चहा दे तिला. जेवली का विचार."

मग फाईल उघडली. त्यात सात जबाब होते. डॉक्टर, परिचारिका, सासरे, नवरा, पोलीस पाटील, टेम्पोवाला, दवाखान्याचा चौकीदार. सातांपैकी एक परिचारिका सोडली तर सगळे पुरुष. जिच्या पोटात हे सगळं घडलं तिचा जबाब नव्हता. पहिल्या दिवशीचा तो शेरा लावला आणि त्यानंतर कोणी तिच्याकडे फिरकलंच नाही. मी नाही, हवालदार नाही, कोणीच नाही. माणूस बोलण्याच्या स्थितीत नाही असं एकदा लिहिलं की ते कायमचं लागू झालं, अशी आमची वहिवाट. बेशुद्ध चोराचा जबाब घ्यायला मात्र आम्ही दवाखान्याच्या दारात बसून राहायचो.

दवाखान्यातून सोडल्यावर तिला माहेरी नेलं होतं, उलव्याच्या बाजूला, खाडीकाठच्या गावात. मी महिला शिपायाला घेऊन जीपने गेलो. तेव्हा तिकडे मिठागरं होती आणि रस्ता नावालाच. घरात शिरताना तिच्या भावाने अडवलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाही. मी उंबऱ्याबाहेर खुर्ची मागितली, शिपाईबाई आत तिच्या खाटेजवळ बसली. मधे पडदा.

ती बारीक आवाजात बोलत होती, पण थांबत नव्हती.

"मी चालत गेले, सायेब. माज्या पायांनी. टेंपोतून उतरले नि पायऱ्या चरले. नरसबायनं पोट बगितला नि बोलली, आडवा हाय, आपरेशन करायला लागल, डाक्टरांना फोन करते. मग कपरं बदललं माजं, दोन येन्या घातल्या, नि बोलली बांगऱ्या काडायला लागतील. ती कातर घेऊन आली. मी बोलले, फोरू नको बाय, नवरा जिता हाय माजा. मग सुईनआयनं साबन मागितला. येकेक करून काडल्या दोगींनी. मी मोजत व्हते. बावीस. सुईनआयच्या रुमालात बांदल्या. मी बोलले, पोर झाला का परत भर."

"मग डॉक्टर कधी आले?"

"नाय आला. सुईनआय बोलली, दुसऱ्या दवाखान्यात नेऊ. नरसबाय बोलली, डाक्टरच्या सईबिगर सोरता नाय येत. दुपारी पोटात कायतरी तुटल्यागत झाला. मंग मना काय आठवत नाय."

सही करायला डॉक्टर नाही म्हणून पेशंट सोडता येत नाही, आणि पेशंट सोडला नाही म्हणून ती डॉक्टरची वाट पाहत फाटते. हा नियम कोणी केला होता, कोणास ठाऊक.

आणि इथे मी ती चूक केली. जबाब पुरा करायचा म्हणून कागदावर नजर ठेवून मी सवयीने विचारलं, "गर्भाशय काढल्याचं तुम्हाला कधी सांगण्यात आलं?"

शिपाईबाईने पडदा बाजूला करून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उठून उभा राहिलो. दारात तिची आई होती. तिने पदर तोंडाला लावला होता.

"कंची पिशवी?" खाटेवरून तिने विचारलं. "आये, कंची पिशवी काडली?"

आईने तोंड फिरवलं. तेव्हा मला समजलं. सासऱ्याला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, आईला माहीत होतं, डॉक्टरला, परिचारिकेला, मला, माझ्या हवालदाराला, आमच्या टायपिस्टला माहीत होतं. तिला एकटीला माहीत नव्हतं. घरचे तिला म्हणत होते, पुढल्या वर्षी होईल परत. आणि ही बातमी तिला पोलिसाच्या एका प्रश्नातून कळली.

ती बोलली तेव्हा रडत नव्हती.

"लिवा, सायेब. मना कुनी इचारला नाय नि सांगला बी नाय. नि तुमी बी आज आलाव. ता बी लिवा."

मी लिहिलं. जसंच्या तसं. वरिष्ठांनी नंतर शेवटचं वाक्य गाळायला सांगितलं, ते मी गाळलं नाही.

त्यानंतर फार काही कठीण नव्हतं. परिचारिकेच्या घरी जाऊन तिच्यासमोर पुरचुंडी उघडली आणि फक्त विचारलं, साबण कोणी आणला होता? तिने तोंड झाकून घेतलं. डॉक्टर पळस्प्याला एका हॉटेलच्या उद्घाटनाला गेले होते. तिने दोनदा फोन केला. एकदा सांगितलं, तयार ठेवा, निघालोच. दुसऱ्यांदा जेवण चाललं होतं. सकाळचा खरा केसपेपर फाडला आणि सव्वातीनचा नवा लिहून घेतला, तो तिच्याच हाताने. गावच्या साप्ताहिकात त्या उद्घाटनाचा फोटो आला होता. गळ्यात हार, हातात कात्री, चेहऱ्यावर समाधान. तीच कात्री त्या सकाळी दुसरीकडे हवी होती.

डॉक्टरांना बोलावलं तेव्हा ते खुर्चीत रेलून बसले. म्हणाले, "हे बघा, हा मेडिकल मॅटर आहे. आडवं मूल म्हणजे कॉम्प्लिकेशन, ती कुठेही होऊ शकते. मी तिचा जीव वाचवला. मी हजारो बाळंतपणं केलीत. तुम्ही एका सुईणीच्या गाठोड्यावरून माझ्यावर केस करणार?"

"कॉम्प्लिकेशन सकाळी आठला होती," मी म्हणालो. "सुईणीला ती हाताने कळली. तुमच्या नर्सला कळली. तुम्हाला जेवण झाल्यावर कळली. आणि कॉम्प्लिकेशन होती, मग सुईणीला तुरुंगात का पाठवत होता?"

ते उठून वकिलाला फोन लावायला गेले. त्या दिवसापर्यंत त्यांना असं कोणी विचारलंच नसावं.

सुईणीचं नाव आरोपी म्हणून काढून टाकलं. मी तिच्या गावात जाऊन, पोलीस पाटलाला आणि चार माणसांना बोलावून, तिच्यासमोर सांगितलं की हिने काही केलेलं नाही, उलट हिनेच वेळेत ओळखलं. लोक माना हलवत होते. तिने फक्त विचारलं, "बांगऱ्या कवा भेटतील?" मुद्देमाल जप्त होता. केस संपल्यावर, मी सांगितलं. ती म्हणाली, "तिच्या हायत त्या. मी सांभाळायला घेतल्या व्हत्या."

डॉक्टरवर दोषारोपपत्र गेलं. निष्काळजीपणा आणि खोटा कागद. तज्ज्ञांचं मत मागवलं. ते मत लिहिणारेही डॉक्टरच. त्यांनी लिहिलं की वेळेत शस्त्रक्रिया झाली असती तर गर्भाशय वाचलं असतं असं निश्चित सांगता येत नाही. तारखा पडत राहिल्या. माझी बदली झाली, मी साक्षीला येत-जात राहिलो. शेवटी निष्काळजीपणाच्या आरोपातून संशयाचा फायदा मिळाला. खोटा कागद सिद्ध झाला. शिक्षा झाली, दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. म्हणजे संध्याकाळपर्यंत कोर्टातल्या बाकावर बसायचं. सुईणीला मी दोन दिवस बाकावर बसवलं होतं, तीही काही सिद्ध न होता. डॉक्टर बाकावर पंख्याखाली बसले होते आणि वकील त्यांना थंड पाणी आणून देत होते.

निकालाच्या दिवशी ती बाई आली होती. सोबत नवरा, सासरे आणि ती सुईण, आता पाठीत वाकलेली. कारकुनाने मुद्देमालाचं पाकीट फोडलं आणि सवयीने विचारलं, "ताब्यात कोण घेणार?" सासऱ्यांनी हात पुढे केला. मी साक्षीदारांच्या बाजूला उभा होतो. माझा आवाज मोठा आहे हे मी सांगितलंच. म्हणालो, "त्यांना काय विचारता? तिला विचारा."

कारकून गोंधळला. मग त्याने तिला विचारलं.

"सुईनआयकडं द्या," ती म्हणाली. "तिनं काडल्या, तीच भरल."

कोर्टाच्या आवारात नळ होता. त्याच्या कट्ट्यावर दोघी बसल्या. शिपाईबाईही साक्षीला आली होती, तिने कॅन्टीनमधून साबणाची वडी आणली. सुईणीने तिचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, अंगठा आत मुडपला आणि पहिली बांगडी बोटांवर ठेवली.

पुढे ज्या ज्या ठाण्याला गेलो, तिथे मी एक नियम लावला. 'जबाब देण्याच्या स्थितीत नाही' असा शेरा आला की रोज सकाळी कोणीतरी त्या बाईच्या खाटेजवळ जाऊन यायचं, आणि ती बोलेपर्यंत फाईल पुढे सरकवायची नाही. काही अधिकारी हसायचे. हसोत बापडे. मी शिकलो ते एवढंच, आणि त्यासाठी मला शिकवणी फार महाग पडली. म्हणजे मला नाही, तिला.

त्या दिवशी नळावर साबणाची वडी कोरडीच राहिली. बांगड्या एकामागून एक सरळ मनगटावर उतरल्या, बावीसच्या बावीस. हात तेवढा बारीक झाला होता.